आमचा उजवा कंट्रोल परत द्या: लॅपटॉपचे कीबोर्ड ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
लॅपटॉप बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या डिझाईन आणि प्रॉडक्ट टीम्स

नमस्कार,

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, राहायला ठाण्याला, ऑफिस ऐरोलीला, काम बॅकएंडचं, म्हणजे दिवसभर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), एडिटर, लॉग्ज आणि परत टर्मिनल. दर वर्षी तुमची नवीन मॉडेल्स येतात तेव्हा मी आवर्जून वाचते, प्रोसेसर किती फास्ट झाला, बॅटरी किती चालते, स्क्रीन कशी आहे, आणि या सगळ्यात तुमची मेहनत दिसते, ती मानायलाच हवी. पण कीबोर्डबद्दल तुम्ही दोनच गोष्टी सांगता, तो किती पातळ झाला आणि त्यावर नवीन कुठलं बटण आलं. कुठलं बटण गेलं हे कोणीच सांगत नाही. ते आम्हाला लॅपटॉप हातात आल्यावर, काम चालू असताना कळतं.

ऑफिसने अलीकडे मला नवीन लॅपटॉप दिला, त्यात उजवा कंट्रोल, म्हणजे स्पेसबारच्या उजवीकडची कंट्रोल की, नाही. त्या जागी कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं बटण आहे. मायक्रोसॉफ्टने ४ जानेवारी २०२४ ला हे बटण जाहीर केलं, विंडोज कीबोर्डमधला जवळजवळ तीन दशकांतला पहिला मोठा बदल असं स्वतःच सांगितलं, आणि मग ते बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपवर आलं, कुठे मेनू कीच्या जागी तर कुठे सरळ उजव्या कंट्रोलच्या जागी. ज्याला एआय वापरायचंय त्याने वापरावं, मीपण वापरते, तो मुद्दाच नाही. मुद्दा असा की ते बटण बसवायला जागा हवी होती आणि ती जागा तुम्ही आमच्या हाताखालून काढून घेतली.

डावा कंट्रोल आहे ना, तो वापरा, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. पण टायपिंग नीट शिकलेल्या माणसाला शिकवलेलं असतं की अक्षर एका हाताने आणि शिफ्ट-कंट्रोल दुसऱ्या हाताने. आता टर्मिनलमध्ये आम्ही दिवसभर काय दाबतो ते बघा, चालू प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल सी, जुनी कमांड शोधायला कंट्रोल आर, मागचा शब्द खोडायला कंट्रोल डब्ल्यू, ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल ए, शेवटी जायला कंट्रोल ई, बाहेर पडायला कंट्रोल डी, थांबवून ठेवायला कंट्रोल झेड. ही सगळी अक्षरं डाव्या हाताची आहेत, म्हणजे कंट्रोल उजव्या हाताने दाबला जातो. उजवा गेला की सगळा भार डाव्या करंगळीवर येतो, ती कोपऱ्यात दाबून धरायची आणि त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाने ए नाहीतर झेड गाठायचा, मनगट वाकडं करून, दिवसभर, आठवड्यातले पाच दिवस आणि रिलीज असेल तेव्हा सहा. ज्यांचं मनगट आधीच दुखतंय त्यांना विचारा याचा अर्थ काय होतो. आणि व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना तर विचारूच नका, त्यात व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीतून माउस-कीबोर्ड सोडवून घ्यायची की डीफॉल्टने उजवा कंट्रोलच असते.

बरं, हे नवीन बटण मॅप करून परत कंट्रोल करावं म्हटलं तर तेही सरळ होत नाही, कारण ते दाबलं की आतून डावी शिफ्ट, डावी विंडोज की आणि एफ२३ असं तीन कींचं कॉम्बिनेशन जातं. कंट्रोल ही दाबून धरायची की आहे, तिचा सगळा उपयोग धरून ठेवण्यात आहे, आणि हे बटण मुळात काहीतरी उघडायचा शॉर्टकट म्हणून बनवलंय. रीमॅप करणाऱ्या टूलला आधी त्या शिफ्ट आणि विंडोजची भानगड निस्तरावी लागते मग पुढचं. नंतर विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या बटणाने सर्च किंवा दुसरं अ‍ॅप उघडायची सोय आली, पण आम्हाला अजून एक अ‍ॅप उघडायचं नव्हतं हो, आमचा कंट्रोल हवा होता.

तुमच्यापैकी काही जणांना वाटेल एका बटणासाठी एवढं काय. मुंबईत लोकलने जाणाऱ्याला हे लगेच कळेल. रोज जाणारी बाई प्लॅटफॉर्मवर शोधत फिरत नाही, लेडीज डबा कुठल्या खांबापाशी येतो, कुठे उभं राहिलं की उतरल्यावर समोर जिना येतो, हे पायांनाच माहीत असतं, डोकं तेव्हा घरचा नाहीतर ऑफिसचा विचार करत असतं. उद्या न सांगता डब्यांचा क्रम बदलला तर गाडी तीच, वेळ तीच, तरी अख्ख्या प्लॅटफॉर्मवर पळापळ होईल. कीबोर्डवर हात बसायला आम्हाला वर्षं लागलेली असतात आणि हात बसला की डोकं कोडसाठी मोकळं राहतं. बटण हललं की प्रत्येक वेळी खाली बघावं लागतं, आणि डोक्यात धरून ठेवलेलं असतं, हे व्हेरिएबल इथून आलं, तिकडे नल झालं, मग ही कंडिशन चुकली, ते सगळं तेवढ्यात सुटतं. परत पहिल्यापासून जुळवावं लागतं.

क्यू डब्ल्यू ई आर टी वाय ही अक्षरांची रांग १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरपासून चालत आलीय आणि तुमच्यापैकी कोणीही ती हलवत नाही, कारण हलवली तर सगळं जग ओरडेल. मग कडेच्या कींना वेगळा नियम का? एस्केप, होम, एंड, पेज अप, डिलीट, इन्सर्ट, एफची रांग, अ‍ॅरो, उजवा कंट्रोल. साधा मेल लिहिणाऱ्याला त्या दिवसात दोनदा लागत असतील म्हणून त्या तुम्हाला फावल्या जागेसारख्या दिसतात. आमचं अर्धं काम त्याच कींवर चालतं.

एस्केपचं घ्या. व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला, तेव्हा ते एडीएम-३ए नावाच्या, स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र असलेल्या जुन्या टर्मिनल मशीनवर काम करत होते, त्या टर्मिनलवर एस्केप होती आज टॅब असते तिथे, अगदी करंगळीपाशी, आणि एच जे के एल या कींवरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये आणि पुढे त्याच्या सुधारित विममध्ये मोड बदलायला, म्हणजे लिहिणं थांबवून कमांड द्यायला, एस्केप आली आणि फिरायला एच जे के एल. त्या एका कीबोर्डमुळे पडलेली सवय आज जवळजवळ पन्नास वर्षांनी ऐरोलीच्या ऑफिसात बसलेल्या, तेव्हा जन्मही न झालेल्या मुलामुलींच्या बोटांत आहे. सर्व्हरवर एसएसएचने (दुरून, टर्मिनलमधून) गेलं की बहुतेक वेळा व्हीआय असतोच. कीबोर्ड बनवताना घेतलेला निर्णय एवढा लांब जातो आणि म्हणूनच तो घाईत घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि घाईतच घेतला जातोय, एकदा नाही, परत परत. लेनोवोची २०१४ ची थिंकपॅड एक्स१ कार्बन आठवा, वरची एफ कींची रांग काढून टचची पट्टी लावली होती, कॅप्स लॉकच्या जागी होम आणि एंड टाकले होते. लोक वैतागले, पुढच्याच वर्षी २०१५ मध्ये खऱ्या की परत आल्या. हे सगळ्यांच्या डोळ्यासमोर झालेलं असताना २०१६ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक प्रोवर टच बार आणला आणि एस्केप काचेवर गेली. त्याच सुमाराला मॅकओएसमध्ये कॅप्स लॉकला एस्केप करायची सेटिंग आली, म्हणजे कोणाला त्रास होणार याची थोडीफार कल्पना होतीच. खरी एस्केप परत यायला नोव्हेंबर २०१९ उजाडला, पूर्ण उंचीच्या एफ की १४ आणि १६ इंची मॉडेलवर २०२१ मध्ये आल्या, टच बारचं शेवटचं मॉडेल २०२३ मध्ये बंद झालं. आणि मधल्या काळात, २०२२ मध्ये, डेलने एक्सपीएस १३ प्लस काढला, परत तेच, एस्केपसकट वरची सगळी रांग टचची. तीन वेगळ्या कंपन्या, आठ वर्षं, आणि एकीचं बघून दुसरी शिकली नाही. त्या प्रत्येक वेळी ज्यांनी ऐंशी हजार, लाख, दीड लाख रुपये मोजून लॅपटॉप घेतला ते लोक पुढची चार-पाच वर्षं त्याच कीबोर्डवर काम करत राहिले, कारण इथे लॅपटॉप दर वर्षी बदलत नाहीत.

काचेवरची की का चालत नाही तेही सांगते, कारण दिसायला सुंदर असते हे मला मान्य आहे. आमचा सिनियर आणि मी एका पेमेंटच्या बगवर डीबगर (प्रोग्रॅम थांबवत थांबवत आतून बघायचं टूल) लावून बसलो होतो, दहातून एकदाच येणारा बग, बऱ्याच प्रयत्नांनी प्रोग्रॅम ब्रेकपॉइंटवर, म्हणजे आम्ही ठरवलेल्या ओळीवर, थांबला. आता एफ१० एकेक ओळ पुढे, एफ११ फंक्शनच्या आत. नजर स्क्रीनवरच्या व्हॅल्यूंवर असते, हात आपापला चालतो, खऱ्या की असल्या तर चारचारच्या गटांमधली फट बोटाला लागते आणि कळतं आपण कुठे आहोत. त्याच्या लॅपटॉपवर वरची रांग टचची होती, बोट नुसतं टेकलं, लागलं एफ५ ला, प्रोग्रॅम सुटला पुढे, आणि ती स्थिती गेली. पुढची संध्याकाळ परत तो बग पकडण्यात गेली. हे रोज कुठल्या ना कुठल्या डेस्कवर होत असणार.

पॉवरच्या बटणाबद्दलही एक सांगायचंय. हल्ली ते बऱ्याचदा वरच्या उजव्या कोपऱ्यात, डिलीटला चिकटून, बाकीच्या कींसारखंच दिसणारं असतं. जुनी सवय अशी की कोपऱ्यातलं शेवटचं बटण डिलीट. तिथे बोट गेलं की मशीन स्लीपला जातं, व्हीपीएन तुटतं, परत लॉगिन, परत ओटीपी, आणि ऑन-कॉलला (सिस्टिम बिघडली तर हजर राहायची पाळी) रात्री दोन वाजता कॉलवर बाकीचे थांबलेले असतात. पॉवरचं बटण बाजूला द्या, निदान ते दाबायला जड तरी ठेवा.

आता बाहेरचा कीबोर्ड लावा हा सल्ला. मला तो मुंबईत बसून ऐकायला फार त्रास होतो. ज्याच्याकडे वेगळी खोली, मोठं टेबल आणि पक्की जागा आहे त्याच्यासाठी ठीक आहे. आमच्याकडे वन बीएचकेमध्ये चार माणसं, जेवायचं टेबल असलंच तर त्याच्यावर मुलाचा अभ्यास, आणि ऑन-कॉलवाली व्यक्ती पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन. ऑफिसात हॉट डेस्क, आज इथे उद्या तिथे. ट्रेनमध्ये विंडो सीट मिळाली तर कल्याण ते घाटकोपर काम होतं, तिथे दुसरा कीबोर्ड कुठे ठेवणार? लॅपटॉप म्हणजे त्याचाच कीबोर्ड, आमच्यासाठी तरी.

आणि दुसरा सल्ला, सॉफ्टवेअरने रीमॅप करा. स्वतःचं मशीन असेल तर करतोच की. पण इथे बहुतेकांचं मशीन कंपनीचं असतं, बँकेचं प्रोजेक्ट असेल तर क्लायंटचं, अ‍ॅडमिनचे राइट्स नाहीत, विंडोजच्या आतल्या सेटिंगना (रजिस्ट्री) हात लावायचा नाही, बाहेरचं टूल टाकलं की सिक्युरिटी टीमचा मेल येतो, आणि त्यांचंही बरोबर आहे, सगळ्या कीस्ट्रोक वाचणारं कुठलंही टूल बँकेच्या मशीनवर कोण चालू देईल. शिवाय शेजारच्याच्या लॅपटॉपवर दोन मिनिटं काही दाखवायला बसलं की तिथे आपलं मॅपिंग नसतं.

आमच्यातला एक मित्र स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो, त्याला दिसत नाही, कोड माझ्यापेक्षा स्वच्छ लिहितो. त्याला राइट क्लिकच्या मेनूसाठी मेनू की लागायची, ती गेली. पर्याय आहे शिफ्ट एफ१०, पण एफची रांग मीडियावर, म्हणजे आवाज-ब्राइटनेसवर, सेट असेल तर ते होतं एफएन, शिफ्ट आणि एफ१०, तीन बटणं, दिवसभरात कितीतरी वेळा. स्क्रीन रीडरच्या बऱ्याच कमांड इन्सर्टवर असतात, ती की तर लॅपटॉपवरून कधीच हद्दपार होत आली, म्हणून कॅप्स लॉकवर काम भागवायचं. आम्ही निदान खाली बघून की शोधू शकतो. त्याला प्रत्येक नवीन मॉडेल चाचपडत पहिल्यापासून शिकावं लागतं. कीबोर्डचा लेआउट ठरवताना तुमच्या खोलीत असा एक तरी माणूस बसलेला असतो का?

आपल्या रुपयाचंही थोडं. १५ जुलै २०१० ला सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारलं, ते केलं होतं पवईच्या आयआयटीतल्या डी. उदय कुमार यांनी, म्हणजे हे आमच्या मुंबईत घडलेलं. विंडोजच्या इंग्लिश इंडिया लेआउटवर ते उजवा ऑल्ट आणि ४ ने येतं. हे सांगायचं कारण, उजव्या बाजूच्या या की रिकाम्या नसतात, स्पेसबारच्या उजवीकडे अजून काहीतरी बसवायचा मोह कोणाला होत असेल तर तिथे कोणाकोणाचं काय चालतं ते आधी बघा. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या लेआउटने मराठी टाइप करणारी माणसं पण त्याच कीबोर्डवर आहेत.

आता रिपेअर, यावर मला सगळ्यात जास्त राग आहे. पूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये खालचे दोनचार स्क्रू काढले की कीबोर्ड वर उचलला जायचा, नवीन बसवला की झालं. आता बऱ्याचदा प्लास्टिकचे रिव्हेट वितळवून कीबोर्ड वरच्या कव्हरलाच जोडलेला असतो. लॅमिंग्टन रोडला माझा जुना लॅपटॉप घेऊन गेले, एकच की अडकत होती, तर दुकानदार म्हणाला ताई पूर्ण पामरेस्ट (हात टेकतो ते वरचं कव्हर) बदलावा लागेल नाहीतर एकेक रिव्हेट तोडून बसवतो पण गॅरंटी नाही. एका कीसाठी! आणि आमच्याकडे की खराब व्हायला काय लागतं, चार महिने पावसाळ्याचा दमटपणा, बाकी आठ महिने मेट्रोची आणि रिडेव्हलपमेंटची धूळ. अ‍ॅपलच्या बटरफ्लाय कीबोर्डचं तुम्हाला माहीतच आहे, २०१५ मध्ये आला, की अगदी कमी खाली जायच्या, जरा धूळ गेली की एकतर अक्षर उमटायचं नाही नाहीतर दोनदा उमटायचं. जून २०१८ मध्ये मोफत रिपेअरची योजना काढावी लागली, अमेरिकेतल्या खटल्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड झाली, पण ती तिथल्या सात राज्यांतल्या ग्राहकांपुरती. इथल्यांना त्या तडजोडीतलं काही मिळालं नाही. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, तुमच्या प्रत्येक मॉडेलचा कीबोर्ड सुटा पार्ट म्हणून कितीला मिळतो आणि कसा बदलायचा हे तिथे टाका, आम्ही लगेच बघू.

बदलच करू नका असं मी म्हणत नाहीये. अ‍ॅपलच्या १९९१ च्या पॉवरबुक लॅपटॉपने कीबोर्ड मागे सरकवून पुढे हात टेकायला जागा दिली, ते इतकं बरोबर होतं की सगळ्यांनी उचललं. उलट्या टीच्या आकारातले अ‍ॅरो डीईसी या जुन्या कॉम्प्युटर कंपनीच्या कीबोर्डवर आले, बोटांना ते आवडले, टिकले. मॅकबुकवर मध्ये डावी-उजवी अ‍ॅरो पूर्ण उंचीची केली होती, बोटाला फट लागेना, २०१९ मध्ये परत उलटा टी आला. थिंकपॅडवर एफएन कोपऱ्यात आणि कंट्रोल आत, हा वाद वर्षानुवर्षं चालला, पण त्यांनी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, अदलाबदल करायचा ऑप्शन ठेवला होता, त्याला ना अ‍ॅडमिन राइट्स लागत ना कुठलं टूल, कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम असो चालायचा, आणि २०२४ मध्ये जागा बदलली तेव्हा ज्यांना जुनी हवी त्यांना मार्ग होता. हेच मागतेय मी. नवीन बटण आणा, पण बायोसमध्ये एक ऑप्शन द्या की ते पूर्णपणे, खऱ्या अर्थाने, दाबून धरता येणारा उजवा कंट्रोल होईल. फ्रेमवर्क या कंपनीने १६ इंची लॅपटॉपवर कीबोर्डचं फर्मवेअरच (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना बदलता येईल असं, ठेवलंय, कुठलीही की काहीही करता येते, म्हणजे हे अशक्य नाही.

एस्केप आणि एफची रांग खऱ्या कींचीच ठेवा. स्पेसिफिकेशनच्या पानावर, जिथे वजन आणि जाडी लिहिता तिथेच, भारतात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचा कीबोर्डचा सरळ वरून काढलेला फोटो टाका, तिरपा सुंदर फोटो नको, म्हणजे ऑफिसात दोनशे मशीनची ऑर्डर देणाऱ्या आयटीवाल्याला आधीच दिसेल काय आहे काय नाही. आणि नवीन लेआउट पक्का करायच्या आधी प्रोटोटाइप इथे पाठवा, ऐरोली, पवई, सीप्झ, बीकेसी, कुठेही, एक महिनाभर आमच्या रोजच्या कामाला वापरू द्या, रिलीजच्या आठवड्यासकट. काय अडतंय ते आम्ही की-गणिक लिहून देऊ, पैसे नकोत.

आपली,
ठाण्याची एक बॅकएंड डेव्हलपर